व्हरांड्यातला खर्रा

लॉकडाउननंतर ऑफिस पुन्हा उघडायचं ठरलं, तेव्हा मालकांनी सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. वणीतलं आमचं कोळसा वाहतुकीचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, टेबलाला टेबल चिकटलेलं. मी दोन टेबलं सरळ व्हरांड्यात काढली. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडक्या हातोडी मारून उघडल्या, दारात पायानं दाबायचं सॅनिटायझर बसवलं, चहाचा थर्मास बंद केला. "मॅडमनं ऑफिसचा दवाखाना करून टाकला," म्हणून मंडळी हसली. हसा म्हटलं, जिवंत राहून हसा.

खरं तर हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहिणारे आमचे चाचा साठीला आलेले, शुगरचे पेशंट. हजेरी सक्तीची झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं मला फोन केला.

"ताई, त्यायची शुगर तुमाले मालूम हाय. तुमच्या भरोशावर पाठवून राह्यली."

"चाची, काई फिकर करू नका," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी चाचा दोन मास्क लावून आले. त्यांच्या गल्लीत कोरोनाचे पेशंट सापडले म्हणून ती बांबू ठोकून बंद केली होती. बांबू निघाले, तरी ओळखीची माणसं त्यांना पाहून रस्ता बदलायची. चाचा खिडकीजवळ गुपचूप बसून राहिले.

दुपारी मी फोनवर होते. वळून पाहते तर व्हरांड्यात चाचांभोवती घोळका, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर आणि मधे एकाच्या तळहातावर खर्र्याची प्लास्टिकची पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो ओला खर्रा आमच्याकडे कोणी एकटा खात नाही. पन्नी उघडली की सगळ्यांची बोटं तिच्यात. तीच बोटं तोंडात, तीच पुन्हा पन्नीत. नाही म्हणणं म्हणजे दोस्ती तोडणं.

"घ्या न चाचा, इतक्या दिवसानं भेटलो. तुमच्याबिगर मजा नाही येत."

मी ओरडले, पण तोवर चिमूट चाचांच्या तोंडात गेली होती. मला संतापानं रडूच आलं.

आठवड्याभरात चाचांना ताप भरला. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. लागण कुठे झाली हे छातीठोकपणे कोण सांगणार? पण माझा जीव त्या व्हरांड्यातच अडकलाय. कोणाला शिव्या घालाव्यात, तर खर्रा देणारेच हंबरडा फोडून रडत होते. माणूस माणसाला वाचवू शकतो, यावरचा माझा विश्वासच उडाला.

पुढे चाचींकडे गेले ती बोलणी खायची तयारी करूनच. त्यांनी पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं.

"तुमचे उपकार हायेत ताई," त्या म्हणाल्या. "ऑफिस उघडलं त्या दिवशी ते लय खूश होऊन घरी आले. म्हने, आज कोनी मले दूर नाही ठेवलं."