साठांच्या डब्यावरचा पहारा

माझा माणसांवर विश्वास कमी. वैद्यावर नाही, वाण्यावर नाही, आणि लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा स्वतःच्या बायकोवरही नव्हता. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो, मला फिरवून लिहिता येत नाही. एका पावसाळ्यात मी तिला अर्धपोटी ठेवलं आणि वर चोर म्हटलं, ते लिहितो.

माझा धंदा कौलं चाळण्याचा. रत्नागिरीत पावसाआधी घरोघर कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा लावायची. हे काम हलक्या अंगाच्या माणसाचं. सन तीसच्या आसपास मी पस्तिशीत आलो आणि असा सुटलो की करगोटा दोनदा बदलावा लागला. त्या वैशाखात एका घरावर चढलो तर पायाखाली सात कौलं कटाकटा फुटली. घरमालक अंगणातून ओरडला, "अरे उतर खाली! पाऊस परवडला, तू नको!" आळीतली माणसं हसली. दुसऱ्या दिवशी पुढच्या घराचा निरोप आला, आम्ही दुसरा माणूस बघितलाय म्हणून.

तेव्हा वैद्याकडे गेलो. चार पायऱ्या चढून त्याच्या ओटीवर बसलो तरी धाप थांबेना. त्याने नाडी धरली, पोट दाबलं.

"गिरणीचा पांढरा तांदूळ बंद," तो म्हणाला. "घरी कांडलेला खा, कोंड्यासकट. एक मूद भात, नाचणीची एक भाकरी, कुळथाची पिठी, पालेभाजी, ताक. गूळ, खोबरं, साखर डोळ्यांनीसुद्धा बघू नकोस. नाहीतर छपरावरून नाही, जमिनीवर बसल्याबसल्या जाशील."

मला वाटलं, याच्या मेहुण्याची नाचणी विकायची राहिली असणार. पण धाप खरी होती.

घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. घरी आल्यावर मी बायकोला बजावलं, "उद्यापासून जेवढं माझ्या ताटात, तेवढंच चुलीवर. भांड्यात उरलेलं दिसलं की माझा हात जातो."

ती म्हणाली, "तेवढंच?"

"तेवढंच. एक शीतसुद्धा वर नको."

"बरं," ती म्हणाली आणि मुसळ घेऊन उखळापाशी बसली. गिरण आल्यापासून तिचं कांडण सुटलं होतं, ते माझ्यासाठी परत लागलं.

पहिले पंधरा दिवस मी माणसात नव्हतो. नाचणी घशाखाली उतरायची, पण मन भरायचं नाही. तिसऱ्या प्रहरी तर तोंडाला असं पाणी सुटायचं की वाण्याच्या दुकानावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरायचो. बायको आवळकाठी द्यायची. म्हणायची, "तोंडात धरा नि शेजारच्या छपराची कौलं मोजा. मोजून होईपर्यंत वासना जाते." जायची खरी. पण घरात एक वासना होती ती जाईना. माळ्यावर साठांचा डबा होता. हापूसचा रस उन्हात वाळवून तिने साठं घातली होती, बोटभर जाड. ती फेकून देईना. "आल्यागेल्याला लागतील," म्हणाली. मग मीच डब्याला सुंभ आवळून बांधला. छपरावर वासे बांधतात ती गाठ मारली, तिला न येणारी. आणि रोज माळ्यावर हात घालून गाठ चाचपायला लागलो.

आषाढ संपता संपता एके दिवशी गाठ हाताला लागली ती माझी नव्हती.

संशयी माणूस बोलत नाही, बघतो. डबा उघडला, वरच्या साठाची कड तुटली होती. दोन दिवसांनी आणखी तुटली. म्हटलं, मी इथे कुळथाच्या पिठीवर दिवस काढतोय आणि ही हापूस खातेय. मी भांड्यांची झाकणं उचलायला लागलो. एकदा टोपात पळीभर पेज दिसली. "ही कुणासाठी?" मी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून टोप कोरडा.

माझा करगोटा सैल होत होता. आणि तिच्या बांगड्या, ज्या मनगटाला घट्ट असायच्या, त्या भाकरी थापताना कोपरापर्यंत चढायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलं. बघून काय म्हणालो? चोरून खाल्लेलं अंगाला लागत नाही म्हणतात, ते खरं दिसतंय.

भादव्यात एकदा मिऱ्या गावाच्या बाजूला गळती काढायला जातो म्हणून सांगून निघालो आणि भर दुपारी मागच्या दाराने परतलो. ती पडवीत उखळापाशी बसली होती. मुसळ भिंतीला टेकवलेलं, भात अर्धा कांडलेला. हातात साठाचा तुकडा. डोळे मिटून चघळत होती.

"चोर!" मी म्हटलं. "बारा वर्षं घरात चोर पोसला मी."

ती दचकलीही नाही. घास गिळला. "पाणी पिऊ द्या. मग बोला."

"किती दिवस चाललंय?"

"तुमचं पोट उतरतंय तितके दिवस."

"माझ्या तोंडचं काढून खातेस?"

"तुमच्या तोंडचं?" ती म्हणाली. "मी कुणाच्या ताटात जेवते?"

"माझ्या."

"आणि तुमच्या ताटात काय उरतं?"

आमच्याकडे बायकोने नवऱ्याच्या मागून, त्याच्याच ताटात जेवायचं. माझ्या आईनेच तिला तसं घालून दिलं होतं. पूर्वी मी भात ठेवायचो, भाजी ठेवायचो, वर टोपातलं ती घ्यायची. आता टोपात काही नसायचं, आणि भुकेने मी ताट बोटाने निपटून काढायचो.

"ताट असं पुसता की घासायलासुद्धा लागत नाय," ती म्हणाली. "जेवढं ताटात तेवढंच चुलीवर. हुकूम कुणाचा? पळीभर पेज ठेवली तर विचारलात, कुणासाठी. काय सांगू, मांजरासाठी? वैद्यानं पथ्य तुमाला सांगितलं का मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाला असतात, हिला माझं बारीक होणं बघवत नाय."

म्हणालो असतो. अगदी हेच म्हणालो असतो.

चुकलो, असं तोंडातून निघालं नाही. मी चुलीत लाकडं सारली आणि कांडलेला भात होता तेवढा शिजत घातला, वर पिठी ढवळली. एक वेगळं ताट घेऊन तिला वाढलं.

"वेगळं ताट? सासूबाई असत्या तर—"

"आई नाही आता. बस."

"तुमच्यासमोर नाय घास जायचा माझा."

मग मी चिऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. तरी खात्री वाटेना. मागून कालवल्याचा आवाज आला, पिठीचा भुरका आला. मी दोनदा मान वळवली.

"बगू नका ओ," ती म्हणाली. "लाज वाटते मेली."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन ताटं झाली. शेजारणीच्या नजरेस पडू नये म्हणून ती मागचं दार ओढून घ्यायची. पुढच्या वैशाखात मी छपरावर चढलो, कौलांनी मला पेललं. तिच्या बांगड्या मनगटावर यायला मात्र त्यापुढचा पावसाळा उजाडला. माझा संशय गेला नाही, फक्त त्याने कूस बदलली. जेवले म्हणते ती खरंच जेवली का, हे मी तिच्या अखेरपर्यंत झाकणं उचलून बघत आलो.

शेवटच्या आठवड्यात ती अंथरुणावरून सांगायची, "जेवले मी." मी वाटी बघायचो. पेज तशीच, वर साय धरलेली. पहिल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी चमचा घेऊन उशाशी बसलो.

"तुमी जेवलात?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. जेवलो नव्हतो.

तिने माझं तोंड नीट न्याहाळलं. तिला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. तरी तिने तोंड उघडलं आणि तीन चमचे घेतले.