तिसऱ्या मजल्यावरचा पत्ता

पडदा वर जातो. वाचनालयाच्या मागची लांबट खोली. गुरुवार, संध्याकाळचे पाच. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात सुतळीने बांधलेले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, डोक्यावर दर फेरीला कुरकुरणारा पंखा. उजवीकडून एक ठेंगणी बाई प्रवेश करते. काखेत जाड वही, खांद्यावर फुगलेली पिशवी, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने सांधलेली. समोर आम्ही दहा-अकरा जण. आमच्या प्रत्येकाच्या घरातलं एखादं माणूस एक दिवस उठून गेलं होतं आणि परत आलं नव्हतं.

तिला आम्ही हजेरीबाई म्हणायचो. कागदोपत्री ती समाजसेविका. पोलीस चौकी, इस्पितळ, वेळ आली तर शवागार, सगळीकडे आमच्या सोबत यायची. पण नाव पडलं ते वहीवरून. बैठक सुरू होताना ती हरवलेल्यांची नावं एकेक करून वाचायची, आणि ज्याचं माणूस असेल त्याने म्हणायचं, "अजून नाही." माझा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. भरल्या थिएटरात पानपानभर स्वगतं म्हटली मी. हे दोन शब्द मात्र एकदाही मनासारखे म्हणता आले नाहीत.

"नाटकवाले, आवाज जरा खाली. शेवटच्या रांगेत कोणी नाहीये," ती म्हणायची, आणि डोळे पुसता पुसता माणसं हसायची.

कुणाच्या घरी गेली की दारातच हरवलेल्या माणसाबद्दल विचारायची, "त्यांची बसायची जागा कुठली?" आणि ती जागा सोडून बसायची.

आमच्यात एक मावशी होत्या, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या. बापाशी भांडून त्यांची वीस वर्षांची लेक घर सोडून गेली, त्याला चार वर्षं झाली होती. घर तिसऱ्या मजल्यावर. मावशींच्या नवऱ्याला दम्याने घेरलेलं. जिना चढताना माणूस दोनदा खाली बसायचा. डॉक्टरांनी घर बदला म्हणून निक्षून सांगितलं. मावशी ढिम्म हलेनात.

"घर सोडलं आणि पोरगी आली तर? कुठं शोधेल ती?"

"ती येईपर्यंत मी टिकायला नको का?" नवरा धापा टाकत म्हणायचा.

"टिका की! भांडताना बरा दम होता तुम्हाला!"

सहा महिने हजेरीबाई त्या घरी खेटे घालत होती. कुणालाही शब्द द्यायचा नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तो तिने त्या घरात मोडला. म्हणाली, "मावशी, पत्त्याची जबाबदारी माझी."

ते दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर राहायला गेले. बाईने नवा पत्ता ठसठशीत अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून जुन्या दारावर चिकटवला. एक प्रत समोरच्या शेजारणीकडे, एक खालच्या दुकानदाराकडे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती तीन जिने चढून पत्ता जागेवर आहे ना, ते बघून यायची.

एक महिना चुकला. आमच्यातल्याच एका तरुण बाईचा नवरा नदीत सापडला. ओळख पटवण्यापासून पुढचं सगळं होईपर्यंत, नऊ दिवस, हजेरीबाई तिच्याजवळून हलली नाही. त्याच नऊ दिवसांत नव्या भाडेकरूंनी दार रंगवलं. पत्ता खरवडून निघाला तो कचऱ्यात गेला. शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. दुकान दुपारी बंद.

दहाव्या दिवशी बाई गेली, तेव्हा भाडेकरूची म्हातारी आई सहज बोलून गेली, "एक मुलगी आली होती परवा दुपारी. आधीचे लोक कुठे गेले म्हणून विचारत होती. मला काय ठाऊक! पाणी प्यायली आणि गेली. मनगटावर चटक्याचा डाग होता बघा, चंद्रकोरीसारखा."

तो डाग आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. इस्त्रीचा डाग. लहानपणीचा.

तिच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "त्या मावशीला सांगू नका. तिला झेपणार नाही, आणि आपल्यावरही शेकेल."

"साहेब, इतकी वर्षं ती एका बातमीची वाट बघतेय," बाई म्हणाली. "मी ती दाबून बसू?"

एकटीने जायचा धीर होईना म्हणून तिने मला सोबत नेलं. मावशी शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होत्या. बाईने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"जिवंत आहे?" मावशींनी विचारलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. इस्त्री बाहीवर तशीच राहिली, करपल्याचा वास सुटला, नवऱ्याने धावत येऊन ती उचलली. मग मावशींचा चेहरा बदलला.

"आणि तुम्ही कुठं होतात?"

"दुसऱ्या घरी."

"जबाबदारी माझी, असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

मी तोंड उघडणार तोच बाईने माझा हात दाबला. मावशींनी दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "नदीवर होते, एवढं तरी सांगायचं!"

"त्यांच्यासमोर दुसऱ्या बाईचं दुःख नेऊन ठेवू? तराजूत घालायला?"

मावशींनी बैठकीला येणं सोडलं. वहीत त्यांच्या लेकीचं नाव आलं की उत्तर द्यायला कोणी नसायचं. बाई स्वतःच हळूच म्हणायची, "अजून नाही."

आणि रोज दुपारी ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर जाऊन बसू लागली. मुलगी एकदा दुपारी आली, तर पुन्हाही दुपारीच येईल, हा तिचा हिशेब. भाडेकरूंनी आधी तक्रार केली, मग स्टूल दिलं. पोरंटोरं तिला जिन्याची मालकीण म्हणू लागली. "मालकीण कसली, पायपुसणं आहे मी," ती म्हणायची आणि पाय आखडून त्यांना वाट द्यायची. नोकरी संपली, गुडघे गेले, तिचं बसणं चालूच. अशी दोन वर्षं.

एके दिवशी ती तिथेच कोसळली. दुकानदाराने इस्पितळात नेलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी तडक मावशींकडे गेलो आणि या वेळी नदीचंही सांगून टाकलं. त्यांनी इस्त्रीचा विस्तव झाकला, चपला घातल्या आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

खाटेजवळ बसून त्यांनी बाईचा हात हातात घेतला. "पुरे झालं आता, बाई. माझा राग गेला हो," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

हजेरीबाईने डोळे उघडले. मावशींना ओळखलं. मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि ती एकदम कासावीस झाली. तेव्हा बोलली ते तिचं शेवटचं बोलणं, संध्याकाळी ती गेली.

"मावशी, साडेबारा वाजलेत," ती म्हणाली. "तुम्ही इथे कशाला बसलात? तिकडे जिन्यावर कोणीच नाहीये."