हवा शिरते कुठून

घाटकोपरच्या पंतनगरात मेन रोडवरून आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून संघमित्राचं सायकलचं दुकान आहे. मुळात ते तिच्या वडिलांचं, शिवदास यांचं. परभणीकडून आल्यावर एक पंप, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरची पेटी एवढ्यावर त्यांनी ते सुरू केलं. संघमित्रा तिथे बरीच नंतर आली. त्याआधी अकरा वर्षं ती भांडुपच्या एका कारखान्यात गॅसचे वॉल्व्ह तपासायची. वॉल्व्हमध्ये हवा भरायची, तो पाण्यात बुडवायचा आणि मिनिटभर नजर न हलवता बघायचं. एक बुडबुडा सुटला तरी माल बाद. तिने पास केलेला वॉल्व्ह बाहेरून परत आला असं अकरा वर्षांत दोनदाच झालं, आणि त्या दोन्ही तारखा तिला अजून पाठ आहेत.

कारखाना वापीला हलला, तेव्हा साहेबांनी तिलाही बोलावलं होतं. पण शिवदासांचे गुडघे गेले होते, दुकान बंद पडायला आलं होतं. ती दुकानात बसली. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारायची, "शिवदासभाऊ नाहीत का?" ती म्हणायची, "आहेत, आत चहा पितायत. काम मी करते."

गेल्या डिसेंबरात, मंगळवारी, श्रुतिका दुकानात आली. मुलुंडला फिजिओथेरपिस्ट असलेली तिशीतली मुलगी. सोबत महागडी सायकल, आणि तिचं मागचं चाक हवा जाऊन बसलेलं. येत्या रविवारी तिला नाशिक रोडने दोनशे किलोमीटरची राइड करायची होती, म्हणून तिने एका मोठ्या दुकानातून चाकं ट्यूबलेस करून घेतली होती. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नाही. रिमवर टेप मारायची, टायर बसवायचा आणि आत दुधासारखं पांढरं सीलंट ओतायचं. लहान भोक पडलं तर ते आपोआप बुजतं.

"पुढचं झकास आहे ताई. मागचं रोज सकाळी फ्लॅट. दोनदा सीलंट भरलं. आता म्हणतात रिमच्या जोडात फट आहे, नवीन चाक घ्या."

शिवदास आतून म्हणाले, "ट्यूब टाक आणि मोकळी हो गं. कशाला डोकं लावतीस?"

"बाबा, ट्यूब टाकायला ती इथवर आली नाही."

संघमित्राने चाकात हवा भरून साबणाचं पाणी फिरवलं. टायरच्या कडेला काही नाही. वॉल्व्हपाशी काही नाही. पण रिमची दोन टोकं जुळतात त्या जोडापाशी, स्पोकच्या भोकातून बारीक फेस येत होता. तिने टायर काढला, नेमक्या त्या जागी आतून टेपचा तुकडा चिकटवला आणि टायर पुन्हा बसवला.

बुधवारी सकाळी चाकातली हवा परत गेलेली होती.

श्रुतिकाचा चेहरा पडला. "मग जोडच खराब आहे ना?"

"नाही. मी चुकले," संघमित्रा म्हणाली. स्वतःवरच चिडली होती ती. कारखान्यात नव्या मुलींना ती हेच शिकवायची, की बुडबुडा दिसतो ती फक्त हवा बाहेर पडायची जागा, शिरायची नाही. "रिम आतून पोकळ असते. टेपखालून हवा त्या पोकळीत कुठेही शिरेल आणि वाट मिळेल तिथून बाहेर येईल. मी दाराला ठिगळ लावलं, खिडकी उघडीच. तू उद्या फोन कर."

तिने सगळी टेप सोलून काढली. टेपच्या पोटाला सीलंट सुकून सायीसारखा पापुद्रा जमला होता. त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून ती मागे मागे गेली. जोडापासून चांगली दोन वीत लांब टेपची कड उचलली गेली होती. खाली, आधी ट्यूब असताना रिमवर असलेल्या जुन्या पट्टीचा डिंक तसाच राहिला होता. तिने कारखान्यात वापरायची तशी व्हर्नियर मोजपट्टी लावून रिमची आतली रुंदी मोजली. टेप चार मिलिमीटर अरुंद होती.

"बाबा, हे बघा."

शिवदासांनी चष्मा लावून पाहिलं. मग स्पिरिटची बाटली स्वतःच काढून दिली.

रिम लख्ख पुसून झाल्यावर दुपारी तिने रुंद टेप आणली आणि ताणून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसवली. वॉल्व्हच्या भोकावर दोन थर घेतले. टेप नीट दाबली जावी म्हणून आत साधी ट्यूब घालून टायर चढवला, हवा भरली आणि चाक तसंच ठेवून दिलं. गुरुवारी सकाळी ट्यूब काढली, वॉल्व्ह बसवला, कॉम्प्रेसरने झटक्यात हवा सोडली. टण्ण, टण्ण करत टायर कडांना बसला.

श्रुतिका फोनवर म्हणाली, "सीलंट भरलं का?"

"आधी कोरडं टिकू दे. सीलंट पंक्चरसाठी असतं, आपली चूक झाकायला नाही."

दुपारपर्यंत हवेच्या दाबाचा काटा जवळजवळ जागेवरच होता. मग तिने सीलंट भरलं, चाक फिरवून, आडवं करून सगळीकडे पोचवलं. शनिवारीही हवा तेवढीच होती. रविवारी श्रुतिकाने राइड वेळेत पुरी केली. कसाऱ्याच्या अलीकडे टायरमध्ये काच घुसली, पांढरा थेंब आला आणि भोक बुजलं. ती उतरलीही नाही.

पंधरा दिवसांनी त्या मोठ्या दुकानाचा मालक सुबोध स्वतः आला. हातात तशीच हवा न धरणारी दोन चाकं. "श्रुतिकाने सांगितलं. आमचीच टेप चुकली होती म्हणे?"

"हो. अरुंद होती आणि रिम पुसली नव्हती."

"आमच्याकडे कामाला या ना. एसी वर्कशॉप आहे."

संघमित्राने चाकं उचलून आत ठेवली. "मी इथेच बरी आहे. तुमच्या मेकॅनिकना बुधवारी पाठवा. दोन तास बसायचं, फोन खिशात. बुडबुडे बघायला शिकवते."

सुबोध हसला. बुधवारी तिघं आले, आणि त्यांच्या मागोमाग तोही.