शाळेत मला मिस म्हणायचं

मागच्या जूनमध्ये एका शाळेने नव्या शिक्षिकांशी बोलायला मला बोलावलं. विषय नेहमीचाच, प्लेस्कूलच्या पहिल्या महिन्यात मुलांकडून काय काय करून घ्यायचं. मला ते झोपेतही सांगता येतं. पहिला आठवडा 'मी', दुसरा रंगांचा, तिसरा 'माझं घर', चौथा प्राण्यांचा. सगळं छान चाललं होतं. शेवटी एक बावीस-तेवीसची पोरगी हात वर करून म्हणाली, "मैडम, अपना बच्चा अपनी ही क्लास में रख सकते हैं क्या?"

"नहीं," मी म्हटलं.

"क्यों मैडम?"

"नहीं बोला ना!"

इतक्या जोरात बोलले की चहा घेऊन येणारी बाई दारातच थबकली. विचारणाऱ्या त्या पोरीचा काय दोष? पण माझा स्वभावच मेला तसा, दुखऱ्या जागेवर कुणी बोट ठेवलं की मी आधी ओरडते. तिला उत्तर द्यायचं राहिलं. ते इथे देते.

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. बाहेरून साहेब लोक आले, नव्या कॉलन्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येक कॉलनीत भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली एक तरी प्लेस्कूल निघाली. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. नवरा उरला या कारखान्यांच्या वस्तीत रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर, राहायला जवळच बीरगांवात दोन खोल्या. खिडकी पुसली की तासाभरात परत काळी. डी.एड. होऊन मी चार वर्षं त्या खिडक्याच पुसत बसले होते. मला नोकरी हवी होती. घराला गरज होती हे खरं, पण त्याहून जास्त मला हवी होती, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

अडचण एकच, माझी पोट्टी. साडेतीन वर्षांची. तिला ठेवायचं कुणाकडे? मुलाखतीत मी तसं सांगितलं, तर प्रिन्सिपल मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या, "ले आइए उसको भी, आपकी ही क्लास में बैठ जाएगी. पर किसी को पता नहीं चलना चाहिए कि आपकी बेटी है. पैरेंट्स बोलेंगे, मैडम तो अपनी ही बच्ची को देखती है. पता चला तो फिर मैं नहीं रख पाऊंगी." बाई वाईट नव्हती. नवी शाळा होती, तिला तिची काळजी. मी घाईघाईने हो म्हणून टाकलं.

मग घरी तालीम सुरू झाली. मी खुर्चीवर बसायची, ती समोर. "शाळेत मले काय म्हणायचं?"

"मिस."

"आणि घरी?"

"आई." मग थोडं थांबून, "काहून वं आई?"

"गंमत आहे आपली. कोणाले सांगायची नाही."

गंमत म्हटल्यावर ती खूश. मराठीही घरीच बोलायची, शाळेत हिंदी, असंही त्याच गमतीत बसवून टाकलं. चौकातल्या पानठेल्यापर्यंत हात धरून यायचं, तिथून पुढे हात सोडायचा आणि तिने दहा पावलं मागून यायचं. पहिल्या दिवशी मी दोनदा वळून पाहिलं. ती दप्तर सावरत, ओठ मिटून, अगदी शहाण्यासारखी येत होती. मला अभिमान वाटला. तेव्हा अभिमानच वाटला होता, हो.

पहिल्या दिवशी प्लेस्कूलच्या वर्गात जो आकांत असतो तो ज्याने पाहिला त्यालाच माहीत. बावीस लेकरं, आणि बावीस जणांचं एकच, "मम्मी के पास जाना है!" एक माझ्या कडेवर, एक पदर धरून, एक पायाला मिठी मारून. माझीही रडत होती. पण तिला मिसकडे यायचं की आईकडे, हे काही कळेना. ती येऊन त्या रडणाऱ्या पोरांच्या मागे उभी राहिली, आपला नंबर येईल म्हणून. मी एकाला खाली ठेवलं की दुसऱ्याला घेई. तिला घेतलं असतं तर ती सुटली नसती, आणि मीही सुटले नसते. शेवटी आयाबाईने तिला उचललं, "झन रो नोनी, झन रो," रडू नको पोरी, म्हणत अंगणात घेऊन गेली. परकी बाई ती, छत्तीसगढी बोलणारी. माझ्या पोरीला पहिल्या दिवशी शाळेत तिने गप्प केलं, मी नाही.

'मी'च्या आठवड्यात एक खेळ असतो. बुटांच्या खोक्याच्या तळाला आरसा चिकटवायचा, वर झाकण. मुलांना सांगायचं, या डब्यात दुनियेतली सगळ्यात खास गोष्ट आहे, एकेकाने येऊन बघा. मूल झाकण उघडतं आणि स्वतःलाच बघून हसतं. माझी पोट्टी आली, तिने झाकण उघडलं. मी मागून वाकले होते, त्यामुळे आरशात आम्ही दोघीही दिसलो. तिचा चेहरा असा उजळला म्हणता! ती आरशातल्या माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ये तो..." आणि मी झटकन झाकण लावलं. "नेक्स्ट!" म्हटलं. पुढचा पोरगा धावत आला.

रंगांचा आठवडा बरा गेला. सदर बाजारातून मी क्रेप पेपर आणि चार्टपेपर आणले होते, लाल दिवस, पिवळा दिवस, सगळे हात रंगवून बसले होते. मग आला 'माझं घर'.

थर्माकोलचं झाड करायचं आणि प्रत्येकाने घरच्यांचा फोटो आणून फांदीवर लावायचा. शुक्रवारी पालकांना बोलावून मुलांनी आपापल्या माणसांची ओळख करून द्यायची. आमच्याकडे तिघांचा एकच धड फोटो होता, तिच्या वाढदिवसाला स्टुडिओत जाऊन काढलेला. नवरा उभा, मी खुर्चीवर, ती माझ्या मांडीवर. तो झाडावर लावला की संपलंच. मी कात्री घेतली. माझं डोकं कापलं, खांदा कापला, साडी कापली. पण माझा हात तिच्या कमरेभोवती होता. तो कापायचा तर तिचा फ्रॉक कापावा लागला असता. पाच बोटं राहिली तशीच तिच्या पोटावर. मग पिवळ्या कागदाचं एक फूल कापून त्यावर चिकटवलं.

नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला होता. जमिनीवर पडलेले तुकडे पाहून म्हणाला, "हे काय करून राहिली तू?"

"दिसत नाही का?"

"अवं, जित्या माणसाले असं कापते का कोणी?"

"मग तुम्ही बसा घरी पोरीले घेऊन! बसता का?" मी खेकसले. माझ्या साडीचा तुकडा उचलून त्याने खिशात ठेवला आणि हातपाय धुवायला गेला.

शुक्रवारी वर्ग भरलेला. मागे आयाबापांची रांग. मुलं एकेक करून येत होती. ये मेरी मम्मी, ये मेरे दादू, ये हमारा डॉगी. माझी आली. फोटोवर बोट ठेवून नीट म्हणाली, "ये मेरे पापा. ये मैं." आणि थांबली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "तेरी मम्मी कहां है?"

तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, जसं पोर रस्ता ओलांडायच्या आधी बघतं, जाऊ का म्हणून. मी झाडाकडे बघत राहिले. हे काही आम्ही घरी घोकलं नव्हतं. तिने तिचंच उत्तर काढलं.

"मम्मी नहीं है," ती म्हणाली.

मागच्या रांगेत कुणीतरी 'च्च' केलं. आणि मी काय करावं? मी म्हणाले, "व्हेरी गुड, बेटा! सब लोग क्लैप करो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. देवाशप्पथ, माझ्याच हातांनी वाजवल्या.

त्या रांगेत एक बाई होती, वर्गातल्या एका मुलीची आई. भली बाई. तिने डोळे पुसले, गुडघ्यावर बसून माझ्या पोरीला जवळ घेतलं. सोमवारी ती डब्यातून दोन बेसनाचे लाडू घेऊन आली, एक तिच्या मुलीला, एक माझ्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मैडम, बिन मां की बच्ची है. थोड़ा ध्यान रखिएगा."

"जी, बिल्कुल," मी म्हणाले.

मग ती रोजच यायला लागली. माझ्या पोरीचे विस्कटलेले केस आपल्या पर्समधल्या कंगव्याने विंचरायची. वेणी मी घातलेली असायची बरं का सकाळी, घट्ट, दोन्हीकडे रिबीन लावून. ही ती सोडून नव्याने घालायची. "पापा बेचारे को कहां आती होगी चोटी," असं मलाच सांगायची. आणि माझी पोट्टी तिच्या गुडघ्याला टेकून, डोळे मिटून उभी राहायची. भर शाळेत कुणीतरी तिला उघडपणे जवळ घेत होतं, ते तिला हवं होतं. मी पाच हात अंतरावर खडू घेऊन फळ्यावर सफरचंद काढत असायची. त्या बाईचा राग यायचा मला, इतका यायचा की खडू मोडायचा. पण कुठल्या तोंडाने बोलू?

त्याच आठवड्यात घरी मी पोळ्या करत होते. ती मागून आली आणि म्हणाली, "मिस, पानी."

माझा हात उठला. तिच्या गालावर बसलाही. "घरी मिस म्हणायचं नाही, सांगितलं ना तुले!" ती रडलीसुद्धा नाही. टकमक बघत राहिली. शाळेत आई म्हटलं तर चूक, घरी मिस म्हटलं तर मार, साडेतीन वर्षांच्या जिवाने किती ध्यानात ठेवायचं? मी लगेच तिला पोटाशी धरलं, पापे घेतले, पाणी पाजलं. पण त्या दिवसापासून घरी तिने मला हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की यायची आणि पदर ओढायची. आई नाही, मिस नाही, काहीच नाही. आज ती मोठ्या शहरात नोकरी करते, आठवड्याला न चुकता फोन करते, हिंदीत बोलते. "हैलो, सुनो ना," अशी सुरुवात असते तिची. मी वाट बघते, पुढे काही म्हणेल म्हणून. ती सरळ बातम्या सांगायला लागते.

तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, हा महिना जाऊ दे, पोरं रुळली की मी मॅडमशी बोलते, खरं सांगू आपण सगळ्यांना. खरंच मनात होतं माझ्या. चौथा आठवडा सुरू झाला होता, प्राण्यांचा. मुलांनी कागदाचे मुखवटे घातले होते आणि एकामागे एक अंगणात जात होती, कुणी भू भू, कुणी हंबरत, वर्गात नुसता गोंगाट. माझी मांजर झाली होती. दाराशी तिने चौकटीला हात धरला आणि तेवढ्यात वाऱ्याने लोखंडी दार आपटलं.

बोट सापडलं तिचं. मी पाहिलं. आमच्याकडे लहान-मोठं कोणीही असो, ठेच लागली, भाजलं, तोंडातून आपोआप निघतं, 'आई वं!' ते काही शिकवावं लागत नाही. तिचंही तोंड उघडलं. "आ..." एवढं मी ऐकलं. मग तिची नजर माझ्यावर गेली, आणि तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. मुखवट्याच्या भोकांतून डोळे वाहत होते. आवाज नाही.

मी धावले. दार ढकललं, बोट सोडवलं. नख काळंनिळं, रक्त माझ्या साडीवर. तिला उचलून छातीशी धरलं आणि कानात म्हटलं, "रड माय माझी, रड. आई वं म्हण. म्हण ना वं!" ती मान हलवत राहिली, नाही, नाही. तोवर गलका ऐकून प्रिन्सिपल मॅडम आल्या, मागून आयाबाई आली. "क्या हुआ मैडम? किसकी बच्ची है?" मुखवट्यात त्यांना ती ओळखू आली नाही.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी म्हणणारच होते. "ये मेरी..." म्हणालेही.

तिने आपल्या तोंडावरचा हात काढला आणि माझ्या तोंडावर ठेवला. "चुप ना, मिस," ती कुजबुजली. "सब सुन लेंगे." हात तिने घट्ट दाबून धरला होता.

मॅडम वाट बघत होत्या. मुलं वाट बघत होती. मी तिच्या हाताखालूनच म्हणाले, "क्लास की बच्ची है मैडम, दरवाज़े में उंगली आ गई. इसके पापा को फोन कर दीजिए."

तेव्हा कुठे तिने हात काढला.