मागच्या सीटवरचा मिस्त्री

छावणी बाजारातल्या गॅरेजच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. दाढी पांढरी, वजन माझ्या दुप्पट, आणि बोलताना हातातला पाना मांडीवर आपटायची सवय.

माझी कंबर गेली होती. डॉक्टर म्हणाला, मोटरसायकलवर बसणं बंद. पण माझी बहीण फुलंब्रीच्या पुढं शेतातल्या घरी अंथरुणाला खिळलेली, आणि तिथं एसटी जात नाही. म्हणून आमचे हे जुन्या गाडीचे मागचे शॉकअप बदलायला मला घेऊन आले.

"चांगले कडक टाका, लई वर्षं टिकले पाहिजेत," हे म्हणाले.

"मागं बसणार कोण? अम्माच ना?" मिस्त्रीनं विचारलं. "मग काका, तुम्ही चालवा."

आणि तो धिप्पाड माणूस मागं बसला, माझ्यासारखा, दोन्ही पाय एका बाजूला सोडून! मी तोंडावर पदर धरला. समोरचा चहावाला त्याला चिडवत ओरडला, "भाभीजान, संभालके!" मिस्त्री हसलासुद्धा नाही. बाजाराला चक्कर मारून कंबर धरत उतरला.

"काका, खड्डा तुम्हाला आधी दिसतो. अम्माला थेट कंबरेत लागतो. कडक नाय, नरम टाकतो. अन् खड्डा आला की बोलत जा."

मी हबकलेच. चाळीस वर्षं मी त्या जागेवर बसले. तिथं एकदा बसून पाहावं, असं यांना सुचलं नाही, आणि बसून पाहा म्हणावं, असं मलाही नाही.

रविवारी फुलंब्रीच्या वाटेवर हे दर खड्ड्याला "खड्डा!" म्हणून ओरडले. बहिणीच्या शेतात पोचेपर्यंत यांचा घसा बसला होता. माझी कंबर शाबूत होती.