आवाजाचा रकाना

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळी सात. हजर : सर. सरांच्या पत्नी, बायकांसमोर जोडीदार म्हणून उभ्या राहण्यासाठी. पिवळ्या बेल्टच्या परीक्षेला बसलेल्या पाच जणी. चार गोंदिया शहरातल्या, एक जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या खेड्यातली. गुण लिहायला मी. गैरहजर : कोणी नाही.

ही नोंद माझ्या वहीत आहे. त्या दिवशी जे घडलं ते तिथे एका आकड्यात मावलं. ते आकड्यात मावणारं नव्हतं, हे कळायला मला अडीच महिने लागले.

मी एका खाजगी हायस्कुलात लिपिक आहे. कराटेच्या क्लासला पहिल्यांदा गेले ती मुलीला सोडायला. नागऱ्याच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या मागे टिनाचं शेड आहे, तिथे सर रविवारी आणि बुधवारी बायका-मुलींना स्वसंरक्षण शिकवतात. लग्नाच्या तिथीला क्लास बंद, कारण शेडमध्ये आचारी बसतात. नुसतं बसून राहणं मला जमत नाही, म्हणून मी कोण आलं, कोण नाही ते लिहायला लागले. दुसऱ्या महिन्यात सरांनी ते कागद पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, इतना सिस्टम से आप लिखती हैं, तो खुद क्यों नहीं करतीं?" मुलगी पुढे नागपूरला शिकायला गेली. मी राहिले. वय तेव्हा त्रेचाळीस.

पांढऱ्या बेल्टमध्ये सहा महिने मी फक्त उभं राहायला शिकले. पाय किती अंतरावर, वजन कशावर, नजर कुठे. पिवळ्यासाठी हात सोडवायला शिकले. मनगट धरलं तर मागे ओढायचं नाही, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने वळवायचं. चार बोटं एकीकडे असतात, अंगठा एकटा. केशरीला लाथा आल्या आणि माझा उजवा गुडघा सुजला. पंधरा दिवस जवसाचं तेल चोळलं. हिरव्याला पडायला शिकले. शाळेतला शिपाई विचारायचा, "बाई, अजून किती रंग बाकी आहेत? होळीपर्यंत होते का?" मी त्याला निळा सांगितला, मग तपकिरी, मग काळा. "काळ्यानंतर काय?" "रिटायर," मी म्हटलं.

निळ्याला पोचले तेव्हा परीक्षेचे कागद माझ्याकडे आले. सरांच्या जुन्या कागदावर सहा रकाने होते : पवित्रा, ठोसा, अडवणूक, लाथ, सुटका, शिस्त. सातवा मी वाढवला : आवाज. सर दर रविवारी सांगायचेच, "हाथ बाद में, पहले आवाज़." मग ज्याचं इतकं महत्त्व त्याला गुण का नकोत, असा माझा सरळ हिशेब होता. खाली टीपही मीच टाकली. कोणत्याही रकान्यात शून्य असेल तर उमेदवार नापास. हात सुटला तरी आवाज नसेल तर नापास. सर खूश झाले. मीही.

ती गोरेगावकडची बाई जुलैत आली. वय तिशीच्या आसपास, दोन मुलं, नवरा ट्रॅक्टर चालवायचा. ती एसटीने यायची, ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि सगळ्यांच्या आधी शेड झाडून घ्यायची. पहिल्याच दिवशी मी फॉर्ममध्ये 'उद्देश' विचारला तेव्हा बाकीच्यांसारखं तिने 'फिटनेस' सांगितलं नाही.

"नोकरी पायजे जी बाई. दवाखान्याच्या गेटवर बायकांच्या झडतीले बाई पायजे म्हणते ठेकेदार. पिवळ्या पट्ट्याचं सर्टिफिकेट आण, मंग ठेवतो म्हणते. डिसेंबरपर्यंत."

"आणि नाही मिळालं तर?"

"मंग सासू आहे, वावर आहे, धानाचा रोवणा आहे. काय नवीन?"

मी 'उद्देश : नोकरी' असं लिहिलं. तिला दुसरं काही नको होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे इथे मुद्दाम नोंदवते.

हात तिचे पक्के होते. भाताच्या पेंढ्या बांधणारी मनगटं, सरांच्या पत्नीलाही धरून ठेवता यायची नाहीत. अडचण तोंडाची होती. सर म्हणायचे, "पकड़ते ही चिल्लाना है. हट! छोड़!" शहरातल्या चौघी घरी हिंदीच बोलतात, त्यांच्या तोंडून 'छोड़' असं निघायचं की बाहेरचा कुत्रा उठून जायचा. हिचं मनगट धरलं की ही एका झटक्यात हात सोडवायची आणि म्हणायची, "सोडा जी."

सगळ्या हसायच्या.

"काऊन हसून राहिल्या जी?" ती विचारायची, की पुन्हा हशा.

आमच्या भागात 'जी' ठरावीक माणसांसाठी राखून ठेवलेला नसतो. कंडक्टरला, दुकानदाराला, सासऱ्याला, रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना जी. बोलणं कितीही रांगडं असो, शेवटी जी येतो. मीही याच भागातली. शाळेच्या नोकरीत माझी भाषा धुऊन निघाली, एवढंच.

एका बुधवारी मी तिला बाजूला घेतलं. "जी काढ. नुसतं 'सोड' म्हण."

"सोड... ना जी."

"अगं, कुत्र्यालाही हट जी म्हणतेस का?"

"म्हणतेच ना. तोंडात बसलं आहे जी, काय करू." मग म्हणाली, "नुसतं सोड म्हटलं तर भांडण होते ना बाई."

"भांडणच करायचं आहे," मी म्हटलं. तेव्हा मला हे फार नेमकं उत्तर वाटलं होतं.

परीक्षेत तिची पाळी चौथी. पवित्रा आठ, ठोसा आठ, अडवणूक नऊ, लाथ सात. सुटकेला सरांच्या पत्नीने मनगट धरलं आणि कोणी काही पाहायच्या आत ते सुटलेलं होतं. इतकी स्वच्छ सुटका मी आजवर कोणाची पाहिली नाही, माझीही नाही. दहा. आणि तोंडाने, हळूच, जणू माफी मागितल्यासारखं, "सोडा जी."

मी सातव्या रकान्यात शून्य लिहिलं.

सरांनी कागद पाहिला. "मॅडम, शून्य?"

"नियम आहे, सर."

त्यांनी सही केली. ते चांगले माणूस आहेत, पण लिहिलेल्या गोष्टीला घाबरतात.

निकाल सांगितल्यावर ती माझ्याकडे आली. रडली नाही. "बाई, हात त सुटला ना?"

"पुढची परीक्षा जूनमध्ये आहे," मी म्हटलं.

ती पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सलग सहा वेळा गैरहजर असेल तर नाव कमी, हाही माझाच नियम. जानेवारीच्या हजेरीत मी पट्टी ठेवून तिच्या नावावर लाल रेघ मारली. दवाखान्याच्या गेटवर दुसरी मुलगी लागल्याचं कोणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं.

फेब्रुवारीच्या मध्यात, सकाळी अकरा वाजता, शाळेच्या कार्यालयात संस्थेचे एक पदाधिकारी आले. सोबत पुतण्या. हा आमच्याकडे शिक्षक. बारा दिवस शाळेत आलाच नव्हता आणि मस्टरवर मी बारा लाल खुणा केलेल्या होत्या.

"बाई, पोराच्या सह्या राहून गेल्या थोड्या. मस्टर द्या."

मी मस्टरवर हात ठेवला. "खुणा झाल्या आहेत, साहेब."

त्यांनी माझं मनगट धरलं. चिडून नव्हे, हसत. दोन शिक्षक समोर होते, शिपाई दारात. त्यांचा अंगठा वरच्या बाजूला होता. हात अंगठ्याकडे वळवला असता तर सुटला असता. पिवळा, केशरी, हिरवा, निळा, चार बेल्टची मी बाई. मी हात वळवला नाही. तोंडातून निघालं ते, "सोडा जी."

"सोडतो ना," ते म्हणाले. "आधी मस्टर."

मी दुसरा हात मस्टरवरून उचलला. पुतण्याने माझ्याच पेनने बारा चौकोनांत सह्या केल्या. शिपायाने त्या दिवसापासून मला बेल्टबद्दल काही विचारलेलं नाही.

घरी कोणाला सांगितलं नाही. क्लासमध्ये तर नाहीच. जूनमध्ये तपकिरी बेल्टची परीक्षा दिली. नियमाप्रमाणे माझे गुण सरांनी लिहिले. आवाज : दहापैकी दहा. सरांच्या पत्नीवर ओरडणं सोपं होतं, मनगट धरण्याआधी त्यांनी मला "तय्यार?" असं विचारलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ग्रुपवर फोटो टाकला. मी तो फोटो अजून डाऊनलोड केलेला नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या कामाने गोरेगावला गेले. बाजाराचा दिवस. वांग्यांच्या ढिगामागून तिनेच हाक मारली.

"बाई! कोणता रंग झाला जी?"

"तपकिरी."

"म्हणजे काळ्याच्या जवळ." तिला खरंच आनंद झालेला दिसला. तेच मला सहन होईना. मग तिने विषयच बदलला. "ते गेटवरची पोरगी लग्न करून चालली. ठेकेदारानं पुन्हा विचारलं मले. पंधरा तारखेपर्यंत कागद आण म्हणते. माझी त परीक्षा झाली आहे जी, हातही सुटला होता. तुम्ही सरांले सांगून पाहा ना."

'बघते' म्हटलं. वांगी घेतली. फेब्रुवारीतली गोष्ट तिला सांगायची म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वांग्यांचा भाव विचारला.

बुधवारी सरांना विचारलं. ते लगेच तयार झाले. "लड़की अच्छी थी. आप लिख के दे दीजिए कि ये रूल क्यों हटाना है, मैं आज ही सर्टिफिकेट बना देता हूँ."

"हात सुटला होता, सर. तेवढं कारण पुरे नाही का?"

सरांनी माझाच कागद काढला आणि टिपेवर बोट ठेवलं. हात सुटला तरी आवाज नसेल तर नापास. "ये तो आपने ही लिखा है, मॅडम. अब ऐसा क्या हुआ?"

त्यांनी खोचकपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काय झालं ते एका ओळीत लिहिता येतं. सातव्या रकान्यात दहा गुण मिळवणारीचाही आवाज वेळेवर निघत नाही, म्हणून तो रकाना काही मोजत नाही. पण मग कोणाचा निघाला नाही, हे सर विचारतील. ते लिहिलं की माझ्याच टिपेप्रमाणे मी निळ्यालाच नापास आहे. तपकिरी बेल्ट कपाटात आहे, तो परत द्यायला मला फार वाटणार नाही. शाळेतली ती सकाळ कागदावर आणायला मात्र हात चालत नाही.

आज अकरा तारीख. अर्जावर विषय लिहिला. नियम क्रमांक लिहिला. तिचं नाव, गाव, परीक्षेचा दिवस, सातही रकान्यांतले गुण लिहिले. 'नियम रद्द करण्याचे कारण' याच्यापुढे अजून कोरं आहे.