पदराच्या गाठीतली माती

आमच्या मंडळीचे वाचक एक निवृत्त मास्तर होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच बाहेरगावाहून येत. उरलेल्या रविवारी मास्तर उपासना चालवत. अँग्लिकन चर्चमध्ये अशी सोय आहे. दीक्षा न घेतलेला साधा माणूसही बिशपांच्या परवानगीनं प्रार्थना वाचू शकतो, उपदेश करू शकतो. भाकर आणि द्राक्षारसाचा विधी तेवढा पाळकाचा. मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मंडळीतली बहुतेक माणसं नगर जिल्ह्यातून सुरतेला आलेली, पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरण्यांत, नाहीतर लूमवर कामाला. न अडखळता वाचणारी मीच सापडले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच.

गुजराती मंडळीची उपासना आटोपली की दुपारी चर्च आम्हाला मिळे. पहिल्या रविवारी वाचता वाचता मनात काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं. मी ते भीतभीतच पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ही हाक आहे की हौस, ते वर्षभरात कळेल. तोवर वाच, आजाऱ्यांना भेट. मग वाचक म्हणून बिशपसाहेबांकडे तुझं नाव पाठवू."

घरी वडील म्हणाले, "हाक कसली? दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून तुला उभी केली."

देवानं बोलावलं होतं, की मला नुसतं वाचता येत होतं?

मास्तर मला डाव्या हातानं शिकवत. उपासनेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांवर बोट ठेवत आणि बारीक अक्षरं आली की मान हलवून बोट उचलत. बारीक अक्षरांत सूचना असतात, त्या मोठ्यानं वाचायच्या नसतात. मला एवढंच समजलं की बारीक अक्षरं सोडायची.

वर्ष भरत आलं, त्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा डाइंगमध्ये उकळत्या पाण्यानं भाजला. माझ्याच वयाचा, एकुलता एक. मावशी विधवा. तो दवाखान्यात वारला तेव्हा पाळकसाहेबांना फोन केला, पण रविवारच्या आधी त्यांचं येणं होत नव्हतं. त्या उन्हाळ्यात प्रेत ठेवणं शक्य नव्हतं.

मूठमातीची प्रार्थना मी वाचायची का, हे ठरवायला मावशींच्या दाराशी मंडळीचे पंच जमले. एक जण म्हणाले, "आपल्यात बाई मूठमाती वाचत न्हाई. बाया मागं उभ्या राहत्यात."

दुसरे म्हणाले, "कॉलेजात जाती म्हणून आता मढी पण पुरणार का?"

कुणीतरी हसलं. वडील खाली बघत होते. मला वाटलं, पंच नाही म्हणाले तर बरं होईल. तेवढ्यात आतून मावशी आल्या. त्यांचा आवाज बसला होता.

"माझ्या पोराला मुक्यानं पुरू नगा," त्या म्हणाल्या. "हिला वाचू द्या."

कबरस्थानात मी पहिल्यांदाच पुढे उभी राहिले. उन्हानं पानं डोळ्यांवर चमकत होती. मी मोठी अक्षरं वाचत गेले. मातीला माती, हे शब्द वाचले आणि तशीच पुढची प्रार्थना घेतली. आमेन झालं. खड्डा खणणाऱ्या गुजराती माणसानं विचारलं, "थई गयुं, बेन?" मी झालं म्हणून मान हलवली. त्यानं फावडं मारायला सुरुवात केली.

मागून मावशींचा आवाज आला, "आणि माझी मूठ?"

मातीला माती म्हणताना वाचणाऱ्यानं थांबायचं असतं. तेवढ्यात आधी घरची, मग बाकीची माणसं मूठमूठ माती देतात. ते बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आजवर मी मागे बायकांत उभी असायचे, पुढच्या पुरुषांच्या पाठींपलीकडे कधी दिसलंच नव्हतं. मावशी मूठ धरून उभ्या होत्या आणि कबर भरत चालली होती. कुणी फावडं थांबवलं नाही. घरी जाताना त्यांनी ती माती पदराच्या टोकाला बांधली.

रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत एकच बोलणं. हे काही खरं मूठमाती देणं झालं नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा सगळं वाचावं.

रविवारी सकाळी पाळकसाहेब थेट कबरस्थानात आले. पंच आले, मीही गेले, या वेळी मागेच उभी राहिले. साहेबांनी पुस्तक उघडलं.

"साहेब, पहिल्यापासून नगा," मावशी म्हणाल्या. "पोरगं दोनदा पुरायचं न्हाई. माती तेवढी राह्यली. हिनंच म्हणावं."

साहेबांनी पंचांकडे बघितलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी ते शब्द वाचले आणि थांबले. मावशींना गाठ सोडता येईना. पदर घामानं ओला होऊन आवळला होता. कुणी मदतीला गेलं नाही आणि त्यांनी बोलावलंही नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी दातांनी गाठ सोडली, वाकून माती ठेवली आणि वरून तळहात फिरवला, अंथरूण सारखं करतात तसा.

बाहेर रस्त्यावर साहेबांनी मला विचारलं, "तुझं नाव पाठवू का?"

मी म्हटलं, "साहेब, हाक आहे का ते मला अजून सांगता येत नाही."

ते काही बोलण्याआधी मावशी जवळ आल्या. ओठांना माती लागलेली होती.

"मी काही आता चर्चला येणार न्हाई," त्या म्हणाल्या. साहेब समोर होते, तरी म्हणाल्या. "मला राग आलाय देवाचा. पण तू घरी येत जा. वाच. मला वाचता येत न्हाई."

मी साहेबांना म्हटलं, पाठवा.

मावशी खरंच पुन्हा चर्चला आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे जात राहिले. त्या भिंतीकडे तोंड करून बसत, मी वाचत असे. एखाद्या ओळीशी त्या हात वर करत आणि मी थांबत असे. त्यांनी हात खाली घेईपर्यंत पुढे वाचत नसे.